सुटा पाया (प्रबलित काँक्रीट)

सुटा पाया म्हणजे एकाच स्तंभाचा भार स्वतंत्रपणे जमिनीवर पसरवून देणारा, पोलादी सळ्यांनी प्रबलित केलेला काँक्रीटचा उथळ पाया होय. बांधकामाच्या रोजच्या बोलीत त्याला ‘फुटिंग’ असे म्हणतात. एक-दोन मजली घरे, पाण्याच्या टाकीचे मनोरे, पादचारी पूल, तसेच स्तंभांवर उभारलेले उघडे मंच म्हणजेच डेक यांसाठी हा पाया सर्वाधिक वापरला जातो. त्याची रचना साधी असते, खर्च कमी येतो आणि खोदाईसाठी अवजड यंत्रे लागत नाहीत. मात्र तो एकदा मातीखाली गेला की पुन्हा तपासता येत नाही. त्यामुळे जमिनीची निवड, सळ्यांची जागा आणि काँक्रीटची प्रत यांत झालेली चूक बांधकाम पूर्ण झाल्यावर, बहुधा भेगांच्या रूपानेच, दिसून येते.

## व्याख्या व वर्गीकरण

इमारतीचा भार जमिनीच्या पृष्ठभागाजवळच्या थरांवर देणाऱ्या पायाला उथळ पाया म्हणतात. कार्ल टेरझागी या मृदा-यामिकी तज्ज्ञाने ज्या पायाची खोली त्याच्या रुंदीइतकी किंवा त्याहून कमी असते त्याला उथळ पाया मानले. पुढील काळात ही मर्यादा बरीच सैल झाली. भार खोलवरच्या थरांपर्यंत नेणारे स्थूण पाये, म्हणजे पाइल, तसेच विहीर पाये यांची गणना खोल पायांत होते.

उथळ पायाचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

* सुटा पाया – एका स्तंभाखाली एक चौरस, आयताकृती किंवा वर्तुळाकार फुटिंग.
* पट्टी पाया – भिंतीच्या संपूर्ण लांबीखाली सलग जाणारी पट्टी.
* संयुक्त पाया – जवळजवळच्या दोन स्तंभांखाली मिळून एक फुटिंग. शेजारच्या मालकाच्या हद्दीमुळे कडेच्या स्तंभाखाली पुरेशी जागा नसेल, तर तोही उपयोगी पडतो.
* तराफा पाया – सर्व स्तंभांखाली मिळून एकच जाड काँक्रीटची लादी. जमीन मऊ असल्यास हा पाया निवडतात.

## इतिहास

पाया घट्ट जमिनीपर्यंत न्यावा, ही सूचना इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियस याच्या ग्रंथात आढळते. प्रबलित काँक्रीट येण्यापूर्वी जड भिंतींचे आणि खांबांचे पाये दगडांचे किंवा विटांचे असत व ते पायऱ्यापायऱ्यांनी खाली रुंद करत नेले जात. दगडी बांधकाम ताण सहन करू शकत नसल्याने रुंदी वाढवायची तर उंचीही त्या प्रमाणात वाढवावी लागे. परिणामी पायाच पुष्कळ जागा व्यापत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागो शहरातील मऊ चिकणमातीवर उंच इमारती उभारताना ही अडचण तीव्रतेने जाणवली. जॉन वेलबॉर्न रूट या वास्तुविशारदाने १८८२ साली पूर्ण झालेल्या माँटॉक इमारतीच्या पायात रेल्वेचे रूळ आडवे-उभे रचून ते काँक्रीटमध्ये पुरले. त्यामुळे पाया पातळ राहूनही भार रुंद क्षेत्रावर पसरला. दरम्यान फ्रान्समध्ये जोझेफ मोनिए या माळ्याने १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या कुंड्यांचे एकस्व घेतले होते. फ्रांस्वा एनबिक याने १८९२ साली स्तंभ, तुळई व लादी एकसंध करणाऱ्या प्रबलित काँक्रीट पद्धतीचे एकस्व मिळवले.

फुटिंग नेमके कसे मोडते याचा प्रायोगिक अभ्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात आर्थर टॅल्बट याने केला. त्याचा अहवाल १९१३ साली प्रसिद्ध झाला. टेरझागीने १९२५ साली मृदा-यामिकीचा पायाभूत ग्रंथ जर्मन भाषेत लिहिला आणि १९४३ साली जमिनीच्या धारणक्षमतेचे सूत्र मांडले. भारतात प्रबलित काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे मानक प्रथम १९५३ साली आले व २००० साली त्याची चौथी सुधारित आवृत्ती निघाली. उथळ पायांच्या आखणीसाठी आयएस १०८० व आयएस १९०४ ही मानके वापरतात.

## कार्यतत्त्व

### भार पसरवणे

२३० मि.मी. बाजूच्या चौरस स्तंभाच्या काटछेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०५३ चौ.मी. असते. अशा स्तंभावर ५४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे साडेपाच टन भार असेल आणि तो थेट मातीवर टेकवला, तर मातीवर दर चौ.मी.ला १,००० किलोन्यूटनहून अधिक दाब येईल. मऊ चिकणमाती सुरक्षितपणे साधारण १०० किलोन्यूटनच पेलू शकते, त्यामुळे स्तंभ मातीत घुसेल. तोच भार ०.९ मी. बाजूच्या चौरस फुटिंगवर पसरला की दाब सुमारे ६७ किलोन्यूटनवर येतो.

### सळ्या खालच्या बाजूस का

फुटिंगवर वरून मधोमध स्तंभाचा दाब असतो व खालून संपूर्ण तळभर मातीची प्रतिक्रिया वर ढकलत असते. स्तंभाबाहेर आलेला फुटिंगचा प्रत्येक भाग त्यामुळे वरच्या दिशेने वाकू पाहतो. बाल्कनीचा छज्जा उलटा करून पाहिल्यास ही स्थिती लक्षात येते. छज्ज्यावर भार वरून येतो, म्हणून त्याच्या मुख्य सळ्या वरच्या बाजूस असतात. फुटिंगवर भार खालून येतो, म्हणून तळाची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सहन करते, पण ताणाखाली सहज तडकते. म्हणूनच सळ्यांची जाळी तळाशी घालतात. फुटिंग दोन्ही दिशांनी वाकत असल्याने जाळीही दोन्ही दिशांची असते.

### आरपार घुसण्याचा धोका

वाकण्याखेरीज आणखी एक धोका असतो. फुटिंग फार पातळ असेल, तर स्तंभ त्यातून आरपार घुसू शकतो. अशा वेळी स्तंभाभोवती तिरप्या भेगा पडून उलट्या टोपलीच्या आकाराचा तुकडा सुटतो. आयएस ४५६ नुसार ही तपासणी स्तंभाच्या कडेपासून परिणामी जाडीच्या निम्म्या अंतरावर करतात. फुटिंगची जाडी ठरवताना बहुधा हाच निकष निर्णायक ठरतो. जमिनीवर टेकलेल्या फुटिंगच्या कडेची जाडी १५० मि.मी.पेक्षा कमी नसावी, असेही हे मानक सांगते.

## जमिनीची पाहणी

पायाचे आकारमान स्तंभावरील भाराइतकेच जमिनीवर अवलंबून असते. जमिनीची सुरक्षित धारणक्षमता म्हणजे माती न ढासळता आणि मर्यादेपलीकडे न खचता पेलू शकेल इतका दाब होय. प्राथमिक आखणीसाठी मानकांतील कोष्टके वापरतात. त्यांत अतिशय मऊ चिकणमातीसाठी सुमारे ५०, मऊ चिकणमातीसाठी १००, मध्यम प्रतीच्या वाळूसाठी २४५, तर मऊ खडकासाठी ४४० किलोन्यूटन प्रति चौ.मी. असे आकडे दिलेले असतात. महत्त्वाच्या बांधकामासाठी प्रत्यक्ष चाचणी करावी लागते. मातीच्या अंतिम धारणक्षमतेला साधारण २.५ ते ३ या सुरक्षा-गुणकाने भागून सुरक्षित आकडा काढतात.

धारणक्षमता कायम सारखी राहत नाही. भूजल पायाच्या तळापर्यंत चढले, तर वाळूची धारणक्षमता जवळजवळ निम्मी होते. उन्हाळ्यात कोरड्या खड्ड्यात टणक वाटलेली जमीन पावसाळ्यात तशीच राहील असे नाही. म्हणून आसपासच्या विहिरींतील पावसाळ्यातील पाण्याची पातळी विचारात घेतात. भरावाच्या जमिनीवर पाया बसवत नाहीत, कारण भराव कित्येक वर्षे असमान खचत राहतो.

पृष्ठभागाखालच्या जमिनीकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे प्रसिद्ध उदाहरण कॅनडातील विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना येथील धान्यकोठाराचे आहे. ऑक्टोबर १९१३ मध्ये धान्य भरले जात असताना तराफा पायावरील हे कोठार खचू लागले आणि एका दिवसात सुमारे २७ अंशांनी कलले. कोठाराचे काँक्रीट जवळजवळ शाबूत राहिले. दगा दिला तो खालच्या मऊ चिकणमातीने. पुढे कोठार सरळ करून पुन्हा वापरात आणले गेले.

### खचणे

प्रत्येक पाया थोडाफार खचतोच. सर्व स्तंभ सारखे खचले तर बांधकामाला फारशी इजा होत नाही. एक स्तंभ दुसऱ्यापेक्षा अधिक खचला की तुळया व लाद्या पिळल्या जाऊन तडकतात. याला विषम खचण म्हणतात. आयएस १९०४ मध्ये प्रबलित काँक्रीटच्या बांधकामासाठी सुट्या पायांच्या विषम खचणीची मर्यादा दोन स्तंभांमधील अंतराच्या ०.००१५ पट दिली आहे. तीन मीटर अंतरावरील स्तंभांसाठी ही मर्यादा अवघी ४.५ मि.मी. होते.

## पायाची खोली

पृष्ठभागावरील माती मुळांनी भुसभुशीत झालेली, पावसाने वाहून जाणारी व ऋतुमानानुसार फुगणारी-आकसणारी असते. म्हणून पाया किमान ५०० मि.मी. खोल असावा, असे भारतीय मानक सांगते. प्रत्यक्षात घट्ट व अस्पर्शित थर लागेपर्यंत खोदाई केली जाते. महाराष्ट्राच्या पठारी भागात हा थर बहुतेक ठिकाणी मुरूम किंवा बसाल्ट खडक असतो, तर कोकणात व गोव्यात जांभा असतो.

अतिथंड प्रदेशांत खोली ठरवणारा घटक वेगळा असतो. हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठते आणि खालून पाणी ओढून घेत बर्फाचे थर वाढत जातात. ते पायाला वर उचलतात. वसंतात बर्फ वितळला की पाया खाली बसतो, पण पूर्वीच्याच पातळीवर येईल याची खात्री नसते. डेकसारख्या हलक्या बांधकामाला ही उचल विशेष जाणवते. म्हणून पायाचा तळ गोठण-रेषेच्या खाली ठेवतात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ही खोली दक्षिण भागात साडेतीन फूट, तर उत्तर भागात पाच फूट ठरवून दिलेली आहे. डेकची एक बाजू घराच्या भिंतीला जोडलेली आणि दुसरी बाजू उथळ पायावर असेल, तर घर स्थिर राहते, बाहेरचे स्तंभ उचलले जातात आणि जोड उखडू लागतो.

## उदाहरण : उंचावलेल्या डेकचा पाया

पुढील गणित तत्त्व समजावण्यासाठी दिले आहे. समजा, जमिनीपासून १.२ मी. उंचीवर ६ मी. × ४ मी. आकाराचा प्रबलित काँक्रीटचा डेक सहा स्तंभांवर उभारायचा आहे. प्रत्येकी तीन स्तंभांच्या दोन रांगा असून रांगेतील स्तंभांमध्ये ३ मी. व रांगांमध्ये ४ मी. अंतर आहे. मधल्या स्तंभाकडे ३ मी. × २ मी., म्हणजे ६ चौ.मी. क्षेत्राचा भार येतो.

| भाराचा घटक | भार (किलोन्यूटन) |
|---|---|
| १२५ मि.मी. जाडीची लादी (३.१२५ × ६) | १८.७५ |
| फरशी व तळ (१ × ६) | ६.०० |
| माणसे व सामान (३ × ६) | १८.०० |
| तुळया | ५.०० |
| स्तंभाचे स्वतःचे वजन | २.६५ |
| कठडा | ३.०० |
| एकूण | सु. ५४ |

फुटिंगचे व त्यावरील मातीचे वजन म्हणून १० टक्के वाढ धरली, तर जमिनीवर सुमारे ६० किलोन्यूटन भार येतो. आवश्यक क्षेत्रफळ म्हणजे हा भार भागिले जमिनीची सुरक्षित धारणक्षमता होय. जमीन बदलली की त्याच डेकसाठी फुटिंग कसे बदलते, हे खालील कोष्टकावरून स्पष्ट होते.

| धारणक्षमता (किलोन्यूटन प्रति चौ.मी.) | आवश्यक क्षेत्रफळ (चौ.मी.) | चौरसाची किमान बाजू (मी.) |
|---|---|---|
| ५० | १.२ | १.१० |
| १०० | ०.६ | ०.७८ |
| २०० | ०.३ | ०.५५ |

धारणक्षमता १०० असल्यास ०.९ मी. × ०.९ मी. आकाराचे फुटिंग घेता येते. त्याखालील दाब सुमारे ७४ किलोन्यूटन प्रति चौ.मी. येतो, म्हणजे मर्यादेच्या आत राहतो. जाडी २५० मि.मी. आणि तळाचे आवरण ५० मि.मी. घेतल्यास सळ्यांच्या मध्यापर्यंतची परिणामी जाडी सुमारे १९० मि.मी. उरते.

सळ्यांच्या गणितासाठी भार १.५ पटीने वाढवतात. तेव्हा मातीची वरच्या दिशेची निव्वळ प्रतिक्रिया १०० किलोन्यूटन प्रति चौ.मी. होते. स्तंभाच्या कडेबाहेर फुटिंग ०.३३५ मी. आलेले असल्याने तेथील वाकवणारे परिबल सुमारे ५ किलोन्यूटन-मीटर भरते. त्यासाठी ८० चौ.मि.मी.हून कमी पोलाद पुरते. परंतु मानकानुसार उच्च शक्तीच्या सळ्यांचे किमान प्रमाण काटछेदाच्या ०.१२ टक्के, म्हणजे येथे २७० चौ.मि.मी. आहे. म्हणून प्रत्येक दिशेला १० मि.मी. व्यासाच्या पाच सळ्या सुमारे २०० मि.मी. अंतराने घातल्यास ३९३ चौ.मि.मी. पोलाद मिळते. आरपार घुसण्याच्या तपासणीत काँक्रीटवरील ताण सुमारे ०.२ न्यूटन प्रति चौ.मि.मी. येतो, एम-२० काँक्रीटसाठी मर्यादा १.१२ आहे. हलक्या डेकच्या बाबतीत बळापेक्षा किमान प्रमाणाचे नियमच निर्णायक ठरतात, हे यावरून दिसते.

स्तंभात किमान ०.८ टक्के पोलाद लागते. २३० मि.मी. चौरस स्तंभाला १२ मि.मी.च्या चार सळ्या पुरतात व त्यांना ८ मि.मी.च्या रिंगा १५० मि.मी. अंतराने बांधतात. अशा सहा फुटिंगांना सुमारे १.२ घनमीटर काँक्रीट लागते. एम-२० प्रतीसाठी घनमीटरमागे सुमारे आठ गोण्या धरल्यास सिमेंटच्या दहा गोण्या पुरतात.

कोपऱ्यातील स्तंभांवर मधल्या स्तंभाच्या सुमारे निम्माच भार असतो. सोयीसाठी सर्व फुटिंगे एकाच आकाराची केली जातात. जमीन मऊ असेल, तर मात्र सर्व फुटिंगांखालचा दाब शक्यतो सारखा राहील असे आकार ठरवणे श्रेयस्कर असते. त्यामुळे विषम खचण कमी होते.

## बांधकामाचे टप्पे

### आखणी

स्तंभांच्या मध्यरेषा दोरी ताणून व चुन्याची फक्की टाकून जमिनीवर उतरवतात. काटकोन गुण्याने किंवा ३:४:५ या प्रमाणाने तपासतात. शेवटची खातरजमा कर्ण मोजून होते. वरील उदाहरणात दोन्ही कर्ण ७.२१ मी. भरले पाहिजेत. दोरीचे खुंट खोदाईच्या क्षेत्राबाहेर ठोकतात, जेणेकरून खोदाईनंतरही रेषा पुन्हा मिळवता येतात.

### खोदाई व तळ

खड्ड्याचा तळ सपाट व कोरडा असावा लागतो. चुकून जास्त खोदले गेल्यास ती जागा सुट्या मातीने न भरता साध्या काँक्रीटने भरतात. तळ धुम्मसाने ठोकून घट्ट करतात आणि पाणी साचल्यास चिखल झालेला थर काढून टाकतात. सर्व खड्ड्यांची पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जुळवली जाते.

### साध्या काँक्रीटचा थर

तळावर ७५ ते १०० मि.मी. जाडीचा साध्या काँक्रीटचा थर घालतात. याला बोलीत ‘पीसीसी’ म्हणतात. हा थर भार पेलण्यासाठी नसून सळ्या मातीपासून दूर ठेवण्यासाठी, ओल्या काँक्रीटमधील पाणी माती शोषून घेऊ नये यासाठी आणि स्तंभाची अचूक जागा आखता यावी यासाठी असतो.

### सळ्यांची बांधणी

जाळीच्या सळ्या तारेने एकमेकींना बांधून त्यांची टोके वर वळवतात. जाळी ५० मि.मी. उंचीच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवली जाते. या ठोकळ्यांना ‘कव्हर ब्लॉक’ म्हणतात. स्तंभाच्या उभ्या सळ्यांची खालची टोके काटकोनात वळवून जाळीवर ठेवतात व बांधतात. काँक्रीट ओतताना त्या हलू नयेत म्हणून वरच्या बाजूस आडव्या लाकडांना पक्क्या करतात. सळ्यांवर सुटा गंज, तेल किंवा चिखल असू नये.

### काँक्रीट

फुटिंगसाठी किमान एम-२० प्रतीचे काँक्रीट वापरतात. पारंपरिक प्रमाणात सिमेंट, वाळू व खडी १:१.५:३ अशी घेतात. पाण्याचे प्रमाण येथे सर्वांत नाजूक असते. आयएस ४५६ मध्ये या प्रतीच्या ठोक मिश्रणासाठी ५० किलोच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाण्याची मर्यादा आहे. ओतायला सोपे जावे म्हणून घातलेले जादा पाणी नंतर उडून जाते व मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. त्यामुळे काँक्रीटचे बळ घटते आणि सळ्यांपर्यंत ओल पोहोचते. काँक्रीट व्हायब्रेटरने दाबून हवा बाहेर काढतात. एक फुटिंग एकाच वेळी, न थांबता भरले जाते.

### पाणी मारणे व भराव

बाजूच्या फळ्या साधारण १६ ते २४ तासांनी काढता येतात. काँक्रीट सुकून नव्हे, तर सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक क्रियेने कठीण होते. म्हणून ते सतत ओले ठेवावे लागते. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी किमान सात दिवस, तर राख किंवा झोतभट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटसाठी किंवा उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओलावा राखण्याचा नियम आहे. त्यानंतर खड्डा सुमारे १५० मि.मी.च्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून व ठोकून भरतात. पृष्ठभागाला स्तंभापासून दूर जाणारा उतार देतात, त्यामुळे पावसाचे पाणी पायाजवळ साचत नाही.

## काळ्या जमिनीतील पाया

दख्खनच्या पठारावरील काळी कापसाची जमीन शेतीसाठी मोलाची असली, तरी पायासाठी अवघड मानली जाते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व सुकल्यावर आकसते. उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. फुगताना माती वरच्या दिशेने दाब देते. हा दाब १०० किलोन्यूटन प्रति चौ.मी.पेक्षा अधिकही असू शकतो. वरील उदाहरणातील फुटिंग मातीवर केवळ ७४ किलोन्यूटनचा दाब देते. अशा जमिनीत ते खचण्याऐवजी उचलले जाण्याचीच शक्यता अधिक असते. ‘बांधकाम हलके आहे, तेव्हा पाया कसाही चालेल’ ही समजूत म्हणूनच काळ्या जमिनीत घातक ठरते. जड इमारत आपल्या वजनाने काही प्रमाणात फुगवटा दाबून धरते. डेक, कुंपणाची भिंत किंवा ओसरी यांना ते जमत नाही.

माती किती फुगते हे साध्या चाचणीने कळते. चाळलेल्या कोरड्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन नमुने घेऊन एक पाण्याच्या व दुसरा रॉकेलच्या मोजपात्रात टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनंतर पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलमधील मातीपेक्षा किती टक्के वाढले, यावरून मुक्त फुगवटा निर्देशांक मिळतो. तो ५० टक्क्यांहून अधिक असल्यास विशेष उपाय योजावे लागतात.

काळ्या मातीचा थर पातळ असेल, तर तो पूर्ण काढून पाया मुरमावर नेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. थर जाड असल्यास पायाखालची व भोवतालची माती काढून मुरूम थराथराने ठोकून भरतात. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या संसंजक मातीचा थर वापरण्याची पद्धत विकसित केली. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेल्या स्थूणांचा प्रसार केला. या स्थूणा ऋतुबदलाचा परिणाम न होणाऱ्या खोलीपर्यंत जातात. मात्र त्या वापरल्यावर पाया उथळ राहत नाही.

## किनारी व भूकंपप्रवण प्रदेश

किनाऱ्यालगतच्या हवेतील व भूजलातील क्षार काँक्रीटमध्ये शिरून पोलाद गंजवतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आवरणाचे काँक्रीट आतून फुटते. सागरी वातावरणाला उघड्या असलेल्या प्रबलित काँक्रीटसाठी आयएस ४५६ ने किमान एम-३० प्रत सांगितली आहे. डेकवर छप्पर असेल, तर वादळी वारा ते वर उचलू पाहतो. तेव्हा फुटिंग व त्यावरील माती यांचे वजन या उचलीला पुरेल का, हेही पाहावे लागते. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर छपरांच्या बांधणीचा हा प्रश्न कोकणात ठळकपणे पुढे आला.

भूकंपात सुटी फुटिंगे एकमेकांपासून वेगवेगळी सरकू शकतात. म्हणून भूकंपप्रवण भागांत ती जोत्याच्या पातळीवर किंवा जमिनीखाली तुळयांनी परस्परांशी बांधतात.

## नेहमी आढळणारे दोष

* जाळी वर सरकणे – काँक्रीट ओतताना सळ्यांवर पाय देणे किंवा जाळी हाताने उचलणे यामुळे ती वर जाते. वरील उदाहरणात जाळी ७५ मि.मी. वर गेली, तर परिणामी जाडी १९० वरून ११५ मि.मी.वर येते व वाकण्याविरुद्धचे बळ सुमारे ६० टक्के उरते.
* जाळी थेट मातीवर टेकणे – आवरण न मिळाल्याने सळ्या काही वर्षांतच गंजतात. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे किंवा विटेचे तुकडे वापरल्यासही हाच परिणाम होतो, कारण वीट पाणी शोषते.
* भरावावर पाया – उतारावरील जागेत डेकचे काही स्तंभ मूळ जमिनीवर, तर काही भरावावर येतात आणि डेक एका बाजूला कलतो.
* स्तंभ मध्यापासून सरकणे – स्तंभ फुटिंगच्या मध्यावर नसल्यास एका कडेखालचा दाब वाढतो व फुटिंग कलू लागते.
* पाण्याचा निचरा नसणे – छपराच्या पन्हळीचे पाणी स्तंभाजवळ सोडल्यास तेथील माती मऊ होते किंवा वाहून जाते.

यांपैकी बहुतेक दोष काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या तपासणीत सापडू शकतात. खड्ड्याची खोली, आवरण, सळ्यांची संख्या व व्यास आणि स्तंभाच्या मध्यरेषा मोजून त्यांची छायाचित्रांसह नोंद ठेवण्याची पद्धत म्हणूनच रूढ आहे.

## सुरक्षितता व मर्यादा

दीड मीटरपेक्षा खोल खोदाईत कडा ढासळण्याचा धोका असल्याने आधार लावणे आवश्यक असते. काढलेली माती खड्ड्याच्या काठावर रचत नाहीत. उघड्या उभ्या सळ्यांची टोके झाकून ठेवतात. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने त्वचेवर दीर्घकाळ राहिल्यास भाजल्यासारख्या जखमा होतात. म्हणून रबरी हातमोजे व बूट वापरले जातात.

सुटा पाया सर्वत्र योग्य नसतो. सर्व फुटिंगांचे एकत्रित क्षेत्रफळ इमारतीच्या तळक्षेत्राच्या निम्म्याहून अधिक होऊ लागले, तर तराफा पाया सामान्यतः अधिक किफायतशीर ठरतो. नदीपात्राजवळ, जेथे पुरामुळे पायाखालची माती वाहून जाऊ शकते तेथे, तसेच जाड मऊ थरांच्या जमिनीत खोल पाया निवडतात. येथे दिलेले गणित विशिष्ट गृहीतांवर आधारलेले आहे. प्रत्यक्ष बांधकामासाठी त्या जागेच्या मातीची चाचणी व संरचना अभियंत्याचा आराखडा लागतो.

## हेही पहा

* पाया
* प्रबलित काँक्रीट
* मृदा-यामिकी
* काळी कापसाची जमीन
* जोते
* स्थूण पाया